उत्तर आधीच ठरलेली समस्या

समस्येवर आधारित शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आमचे मुख्याध्यापक हिंगोलीहून परतले, ते एकदम विचारवंत होऊनच. शिरड शहापूरकडच्या आमच्या शाळेसाठी त्यांनी येताना समस्याही आणली होती आणि तिचं उत्तरही. समस्या अशी, की मुलं गैरहजर का राहतात? उत्तर, पालकांचं अज्ञान. आता माझ्या चौथीच्या मुलांनी एवढंच करायचं होतं, की शुक्रवारी तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर स्वतःच्या बुद्धीने विचार करून नेमकं तेच उत्तर शोधायचं. त्याचा आठवडाभर सराव चालला. कोणी कधी डोकं खाजवायचं, कोणी "मला वेगळं वाटतं" म्हणायचं, सगळं ठरलेलं. हा परिसर अभ्यासाचा तास आहे की गॅदरिंगची तालीम, तेच मला कळेना. मी म्हटलं, मुलांना घरोघरी जाऊन विचारू तरी द्या.

"मॅडम, तेवढा वेळ कुठंय? चिकित्सक विचार शुक्रवारी दाखवायचाय."

शेवटचं, उत्तराचं वाक्य एका खणखणीत आवाजाच्या मुलीला दिलं होतं. हळद काढणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त गैरहजर तीच असायची. आई मजुरीला शेतात, ही घरी धाकट्या भावाला सांभाळायला.

शुक्रवारी पालकांनाही बोलावलं. लेक बोलणार म्हणून तिची आई मजुरी बुडवून, धुतलेलं लुगडं नेसून आली. आणि लेकीला तिच्यासमोर तिलाच अडाणी म्हणायचं होतं. पोरगी उठली आणि आईकडे पाहतच राहिली. मुख्याध्यापकांनी हळूच "पालकांचं..." असं सुचवलं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "माय हळद काढायला जाती, म्हून मी लेकराला धरून घरी राहते. अंगणवाडी दुपारीच बंद काहून होते? संध्याकाळपर्यंत चालू ठेवली तर मी बराबर येईन."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बाळ, अंगणवाडीचा विभाग वेगळा आहे. बस खाली."

मुख्याध्यापकांनी लगेच शेजारच्या मुलाला उभं केलं. त्याने "पालकांचं अज्ञान" बिनचूक म्हटलं. मुलं विचार करायला लागली म्हणून साहेब खूश झाले, टाळ्या पडल्या. असल्या विचाराला आग लागो, असं माझ्या मनात आलं.

मागच्या रांगेत तिची आईही टाळ्या वाजवत होती, सगळे वाजवतात म्हणून. पोरगी उठून सरळ मागे गेली आणि तिने आईचे दोन्ही हात धरले.