व्हॉल्व तापेपर्यंत
तापलेल्या धुळीचा वास आला की मला चिटगुप्प्यातलं आमचं पत्र्याचं घर आठवतं. अप्पा आधी लोकांची मेंढरं राखायचे. मग बंद पडलेल्या टॉकीजमधला काचेच्या व्हॉल्वचा जुना प्रीॲम्प, त्याचा ॲम्प्लिफायर आणि एक मोठा स्पीकर आणून ते लग्नांत वाजवू लागले. तो स्पीकर फाटला की घरातली कमाई थांबणार, आणि सेट चालू करताना त्यात असा दणका बसायचा की अप्पा आधी स्पीकरची वायर उपसायचे, बटण दाबायचे, मगच वायर जोडायचे. घरातला पहिला पदवीधर मी, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. मी प्रीॲम्पच्या पॉवर सप्लायमधले, बटण दाबताच एकदम वीज सोडणारे डायोड काढले, ट्रान्सफॉर्मर बदलला आणि डायोडच्या जागी रेक्टिफायर व्हॉल्व बसवला. तो हळूहळू तापतो, म्हणून पुढं वीजही हळूहळूच चढते. "आता वायर राहू द्या, अप्पा," मी म्हणालो. "आन् फाटला तर तुझं सर्टिफिकेट वाजवू का लग्नात?" मी बटण दाबलं. व्हॉल्व लालसर झाला, आतली धूळ तापल्याचा वास सुटला, आवाज मात्र नाही. "दिवा लावायलास का साऊंड?" अप्पा हसले, पण त्यांचा हात वायरवरच होता. "तापायलाय, थांबा की जरा." मग दणका न बसता हलकी घरघर आली आणि तिच्यामागून मोबाइलवर लावलेली सनई. माझी थोरली बहीण अक्का आतून ओरडली, "व्हय, वाजायलंय की!" अप्पांनी वायरवरचा हात काढला. आज आमचे सेट लग्नांसाठी पार दूर भालकीपर्यंत जातात, आणि चालू करताना कुणी वायर उपसत नाही.