एक जानेवारीला जाऊन बसणारं घड्याळ

घोडेगावात आमच्या संघटनेची एक खोली होती. तिथला कॉम्प्युटर पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला. लाइट गेली की त्याचं घड्याळ एक जानेवारी १९९८ला जाऊन बसायचं. साल चालू होतं दोन हजार दोन, आणि लाइट रोज जायची.

मी आधी व्हायरसला दोष दिला, मग लोडशेडिंगला. त्यावर पत्रक काढायच्या बेतात होतो. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगमध्ये जायचं, तारीख लावायची, बाहेर यायचं. दुपारी परत तेच. शेवटी मंचरहून रिपेअरवाला आला. डबा उघडून हसला.

"राव, तुमी साऱ्या दुनियेला शिव्या घातल्या. हा सेल तेवढा राहिला."

शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा सेल. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो पुण्याहून आणायचा होता. दोनदा पुण्याला जाऊन आलो. एकदा मोर्चा, एकदा मेळावा. सेल राहिला. स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: 'आधी तारीख बघा'.

उन्हाळ्यात डोंगराकडच्या गावातून सासू-सून आल्या. म्हातारीचा मुलगा हिरडा काढताना झाडावरून पडून गेला होता. महिना झाला होता. सुनेसाठी मदतीचा अर्ज करायचा होता. टाइप करताना लाइट गेली. आल्यावर घाईघाईनं सगळं परत टाइप केलं. अर्जावर तारीख मशीनच टाकायचं. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती, मी वाचली नाही. सुनेचा अंगठा घेतला आणि दोघींना कचेरीच्या रांगेत पाठवलं.

तासाभरात परत आल्या. सासू पुढं, सून बरीच मागं. रांगेतल्या कुणा शिकलेल्यानं कागद वाचून दाखवला होता, वर चेष्टा केली होती: "आजी, सून लई हुशार हाय तुमची! नवरा जिता व्हता तवाच, चार वर्सं आधी, इधवेचा अर्ज करून बसली."

रांग हसली म्हणे. म्हातारी हसली नव्हती.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "घड्याळ बिघडलंय. हे बघा, अजून तीच तारीख दाखवतंय."

"तारीख तुमी घातली का मशीनीनं?"

"मशीननं."

"मशीनीचं काय हिच्याशी वैर हाय?" ती म्हणाली. "आन् तुमीच सभेत सांगितलं व्हतं, भाऊ. तोंडाचं ऐकू नका, कागद बघा."

सांगितलं होतं. पत्रकावर ठळक छापलं होतं. त्यांच्या गावात देवळापुढं उभं राहून तीन-तीनदा लोकांकडून म्हणवून घेतलं होतं. ही म्हातारी पुढच्या रांगेत होती आणि तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सून दाराशी उभी होती. तिनं फक्त विचारलं, "चार वर्सांमागं, जानेवारीत?" मग स्वतःशीच बोलली, "तवा आमी दोघं घर सारवत व्हतो."

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन सेल आणला. बसवला. लाइट गेली, आली, घड्याळ बरोबर. नवा अर्ज घेऊन त्यांच्या गावी गेलो, तर म्हातारीनं त्याला हात लावला नाही. जुना कागद तिनं घडी करून ट्रंकेत ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवत होती: "हिनं चार वर्सं आधीच माझ्या पोराचं मरण लिवलं." नवा अर्ज ओट्यावर ठेवून मी निघालो.

आठवड्यानं सून एकटी आली. हातात बोचकं.

"भाऊ, अर्ज परत लिवा."

"का? आता तारीख बरोबर आहे."

"पत्ता बदलायचाय."

तिनं माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. मी टाइप केलं, कागद काढला. अंगठा लावायच्या आधी तिनं वरच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"ही कवाची?"

"आजची."

"नक्की?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती बराच वेळ कधी कॅलेंडरकडं, कधी कागदाकडं बघत राहिली. मग अंगठा लावला.