पार्टिशनवरचा डस्टर

आम्ही तिघी आता तीन गावांत राहतो, पण वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरच्या कार्यात गाठ पडतेच. पंगतीत शेजारी बसलो की पहिली पोळी संपायच्या आत शैलाताई म्हणते, "आठवते का वं, तो कंडक्टर?" झालं. एका किश्श्याच्या मागे दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागे तिसरा, आणि वाढणारे भाताचं भांडं घेऊन आमच्यासमोर ताटकळत उभे राहतात. आमची मुलं वैतागतात. "आई, पुरे आता, शंभरदा ऐकलं." ऐकलं असेल. पण तेव्हा ती सगळी आत होती. बाहेर काय चाललं होतं ते त्यांना कुठून माहीत असणार?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोहण्याच्या अलीकडच्या एका लहान गावात आमची खासगी प्राथमिक शाळा होती. शैलाताई, रेखा आणि मी, तिघी आर्वीहून एसटीनं जायचो. शैलाताईच्या नवऱ्याचं आर्वीत भांड्यांचं आणि प्लास्टिकच्या सामानाचं दुकान. तिचं हे दुसरं बाळंतपण आणि तोंड कुणाच्या बापाला न भिणारं. रेखाचं लग्न होऊन वर्ष झालेलं, तिचं पहिलंच. ती हेडमास्तरांच्या सावलीलासुद्धा भ्यायची. आणि मी वंदना. माझं कितवं, हे लोक मला विचारायचे नाहीत. ते का, ते पुढे सांगते.

तिघींना दिवस गेल्याचं एकाच महिन्यात उघड झालं. हेडमास्तर सर तासिकांचा तक्ता हातात घेऊन डोक्याला हात लावून बसले. "तिघी एकदम? मॅडम, शाळा कोण चालवेल?"

शैलाताई म्हणाली, "चुकलंच सर. पुढच्या टायमाले आमी आधी अर्ज टाकू, तुमी मंजूर करजा."

* * *

तेव्हा बाळंतपणाची रजा तीनच महिन्यांची होती. आधी खर्च केली तर दोन महिन्यांचं पोर घरी टाकून यावं लागायचं. म्हणून प्रत्येकजणी पाय ओढत ओढत शेवटच्या आठवड्यापर्यंत यायची. सकाळची एसटी खचाखच भरलेली. एकच सीट रिकामी असायची, 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' असं वर लिहिलेली. शैलाताई पहिल्याच दिवशी मला त्या सीटवर बसवून स्वतः शेजारी बसली.

कंडक्टर आला. "बाई, उठा. ही आमदाराची सीट हाये."

"मंग? आमदारच बसला हाये ना," शैलाताई माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली. "फक्त निवडून यायचा बाकी हाये."

गाडीभर हशा. दुसऱ्या दिवसापासून तो कंडक्टर आमचा स्टॉप आला की ओरडायचा, "सरका, आमदार येऊन राह्यले!" रोहण्याच्या रस्त्यावर मोठा खड्डा आला की ड्रायव्हरला घंटी मारून आधी सांगायचाही. त्या वर्षी त्या रस्त्यावर खड्ड्यांची दखल घेणारा तो एकटाच.

* * *

त्याच सुमाराला निवडणूक लागली आणि तिघींच्या नावानं ड्यूटीचे आदेश निघाले. सातवा महिना, आणि मुक्कामासह मतदान केंद्र! आम्ही तहसीलमध्ये गेलो. बाबू खाली मान घालून लिहीत होता.

"कारण?"

"गरोदर," रेखा पुटपुटली.

"पुरावा?"

रेखा रडकुंडीला आली. शैलाताईनं तिला हळूच पुढे केलं, मला तिच्याशेजारी उभं केलं, आणि स्वतः माझ्याशेजारी उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, जरा मान वर करून पाहा. तीन पुरावे उभे हायेत. झेरॉक्स मात्र नाई काढली."

* * *

खरा त्रास खुर्चीचा होता. आमच्या सरांनी नोकरीला लागल्या दिवशीच सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढून गोडाऊनमध्ये टाकल्या होत्या. "शिक्षक बसला की वर्ग झोपतो," हे त्यांचं ब्रीद. सर स्वतःही शिकवताना कधी बसत नसत, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यांच्या पोटात कुणी नव्हतं. दुपारपर्यंत माझे पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा आत रुतायचा. शैलाताईची कंबर धरायची, आणि रेखाच्या पोटरीत गोळा आला की ती फळा धरून एका पायावर उभी राहायची. मुलांना वाटायचं बाईंचा कवायतीचा तास आहे.

आम्ही विनंती केली, सर नाही म्हणाले. पुन्हा केली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा शैलाताईनं विनंती केलीच नाही. दुकानातल्या तीन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून एसटीच्या टपावर टाकल्या आणि प्रत्येक वर्गात एकेक मांडली.

सर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, खुर्चीवर शिक्षकानं बसायचं नाही, हा या शाळेचा नियम आहे."

"शिक्षक कुठी बसून राह्यला सर?" शैलाताई बसल्या जागेवरून म्हणाली. "बाळ बसलं हाये. त्याचं नाव अजून मस्टरवर नाई."

खुर्च्या राहिल्या. पण सर आमच्या वर्गात आले की त्या खुर्चीकडे बघतसुद्धा नसत.

* * *

रेखाला सगळ्याचीच भीती. मधल्या सुट्टीत डबे उघडले की तिचे प्रश्न सुरू व्हायचे. एकदा तिनं विचारलं, "ताई, कळा येऊन राह्यल्या हे समजते कसं?"

"तुले समजायची काई गरज नाई," शैलाताई भाकरी मोडत म्हणाली. "तू आख्ख्या आर्वीले सांगशील."

तिला हसवता हसवता आम्हीही हसायचो. मी जरा कमी हसायचे. माझी भीती अनुभवाची होती. पाच वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवशी सकाळपासून ते हाललं नव्हतं. मला वाटलं, झोपलं असेल. मी कुणाला बोलले नाही, दिवसभर उभी राहून पाढे शिकवत राहिले. त्या एका दिवसाबद्दल मी स्वतःला कधी माफ केलं नाही. आता आठवा लागला तशी मी पुन्हा गप्प व्हायला लागले. पोटावर हात ठेवून वर्गात नुसती उभी राहायचे.

शैलाताईनं ते पाहिलं. आमचे तीन वर्ग म्हणजे एका हॉलला प्लायवूडची दोन पार्टिशनं घालून केलेले तीन कप्पे. एका टोकाला माझी तिसरी, मधे तिची दुसरी, पलीकडे रेखाची पहिली. ती म्हणाली, "वंदना, आतून हाललं की पार्टिशनवर डस्टर मारजो. मी इकडून मारीन. मग मी रेखाकडं मारीन. तिघींले माहीत राहीन. एकटीनं मोजत नाई बसायचं."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. पाढे चालू असताना मधेच माझा ठोका, मग शैलाताईचा, मग लांबून रेखाचा हलकासा, घाबरल्यासारखा. तिसरीच्या मुलांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं की बाळ हाललं की मी ठोकते. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. माझा हात डस्टरकडे गेला की अख्खा वर्ग माझ्या पोटाकडे बघून हसायचा.

* * *

एक दिवस मी तपासणीला गेले होते आणि माझ्या वर्गावर सर आले. पोरं गोंगाट करत होती. सरांनी गप्प करण्यासाठी डस्टर उचलून पार्टिशनवर जोरात आपटला.

पलीकडून सवयीनं ठोका आला. त्याच्या पलीकडून आणखी एक.

सर चमकले. त्यांनी पुन्हा आपटला. पुन्हा दोन ठोके आले. आता वर्ग चिडीचूप. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि फार काळजीनं म्हणाली, "सर, तुमचं बी हाललं का?"

दुसऱ्या दिवशी सूचना वही फिरली. 'वर्ग चालू असताना पार्टिशनवर डस्टर आपटण्यास सक्त मनाई आहे.' खाली प्रत्येकीनं वाचल्याची सही करायची. मी सही केली, रेखानं दोनदा वाचून केली. शैलाताईनं सही करून खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी वाचले. बाळाला वाचता येत नाही.'

ठोके चालूच राहिले. रेखाचा ठोका तर त्या दिवसापासून जरा मोठाच झाला.

* * *

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली आणि त्या आठवड्यात एक सकाळ अशी आली की मी डस्टर उचललाच नाही. पहिला तास गेला, दुसरा गेला. मी पाणी प्याले, गूळ खाल्ला, बाजू बदलून बसले. आत सगळं गप्प. पाच वर्षांपूर्वीचा तोच फळा समोर दिसायला लागला, तेच पाढे.

तिसरा तास सुरू व्हायच्या आत शैलाताई दारात. "काऊन नाई ठोकलं?"

मी तिचा हात धरून पोटावर ठेवला. ती वळली, पण तिच्या आधी रेखा सरांच्या ऑफिसकडे निघाली होती. आत शिक्षण खात्याच्या साहेबांची मीटिंग चालू होती. सरांच्या सावलीला भिणारी रेखा दार ढकलून आत गेली आणि म्हणाली, "सर, आमी तिघी आर्वीले दवाखान्यात जाऊन राह्यलो."

"अर्ज?" सर सवयीनं म्हणाले.

"उद्या," रेखा म्हणाली, आणि दार लावून बाहेर आली.

एसटीला दीड तास होता. रस्त्यावर संत्र्यांचा टेम्पो येताना दिसला. शैलाताई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. अशी बाई समोर उभी असल्यावर कोण थांबणार नाही? आम्ही तिघी कशाबशा केबिनमध्ये बसलो. ड्रायव्हर बिचारा दाराला चिकटून बसला आणि बैलगाडीच्या चालीनं टेम्पो हाकायला लागला.

"भाऊ, जरा जोरानं चालवा ना."

"बाई, तीन-तीन हायेत," तो घाम पुसत म्हणाला. "मले भेव लागून राह्यलं."

शैलाताईनं मागे हात घालून एक संत्रं काढलं, सोलून फोडी माझ्या तोंडात कोंबल्या. "खा. आंबट-गोड गेलं की उठते." मी रडत रडत खाल्लं. रेखानं माझा हात घट्ट धरला होता. पिंपळाचं झाड गेलं, कालवा गेला. संत्रं संपलं, तिनं दुसरं सोललं.

आणि बरगडीखाली, उजव्या बाजूला, टाच लागली. मग आणखी एकदा.

माझ्याजवळ डस्टर नव्हता. मी मूठ वळून समोरच्या पत्र्यावर दाणकन मारली. शैलाताईनं मारली. रेखानं तर दोन्ही हातांनी मारली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि म्हणाला, "झालं का? इथीच?"

डॉक्टरबाईंनी तरीही नीट तपासलं. ठोके चांगले आहेत म्हणाल्या, आणि असं वाटलं की असंच लगेच यायचं, लाजायचं नाही, असं बजावलं. मला दुसऱ्या दिवसापासून रजेवर जायला सांगितलं. मग शैलाताईचे आणि रेखाचे सुजलेले पाय बघून विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"काई नाई," शैलाताई म्हणाली. "आमी हिच्यासंगं हाओत."

* * *

पुढचं मी पाहिलेलं नाही. शैलाताईनं दवाखान्यात येऊन सांगितलं, माझ्या खाटेवर बसून, स्वतःचं पोट सांभाळत. दर पंगतीत आम्ही तिच्याकडून हे शेवटी ऐकतो. आधी सांगू देत नाही.

मी रजेवर गेल्यावर माझ्या वर्गावर सर जायला लागले होते. खुर्ची त्यांनी कोपऱ्यात सारून ठेवली होती आणि नेहमीसारखे उभं राहून शिकवायचे. मी बाळंत झाले त्या दिवशी दुपारी ऑफिसमधला फोन वाजला. माझ्या नवऱ्याचा होता. मुलगी झाली, लगेच रडली, दोघीही ठीक आहेत, एवढंच तो सांगू शकला.

सर फोन ठेवून बाहेर आले. शैलाताईच्या दारावरून गेले, पण आत डोकावले नाहीत. रेखाकडेही गेले नाहीत. सरळ माझ्या तिसरीत शिरले.

शैलाताई सांगते, "मी फळ्यावर लिहून राह्यली होती, अन् पार्टिशनवर डस्टर पडला. एकच. माह्या हातातला खडू खालीच पडला. मले माहीत होतं ना, तू तं तिकडं नाई."

तिला डस्टर सापडेना. तिनं तळहातानंच ठोकलं. मग वळून रेखाच्या बाजूला ठोकलं. रेखाचा ठोका आला. सगळ्या हॉलभर ऐकू येईल असा.

मग ती पोट सावरत माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आली. त्या दिवशी पोरांपैकी कुणी काही विचारलं नाही. सरांनी डस्टर टेबलावर ठेवला, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, आणि बसले.