यासिनचाचांची थंड खोली

“शरबताला का मयताला?”

यासिनचाचांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा कर्जत-नेरळच्या मधल्या आमच्या गावात शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. स्नेहसंमेलनाला सरबत करायचं ठरलं आणि बर्फाचं काम नव्या बाईंच्या गळ्यात पडलं. बाजाराच्या टोकाला पत्र्याची शेड, तो बर्फाचा डेपो. दारात कमरेला गोणपाट गुंडाळून एक ठेंगणा माणूस लादी फोडत बसला होता. बर्फ हवाय म्हटल्यावर त्याने वरही न बघता हे विचारलं. मी इतकी गडबडले की “दोन्हीला नाही, शाळेला” असं काहीतरी बोलून गेले.

तेव्हा त्यांनी मान वर केली. “शाळेला म्हंजे शरबताला. घाबरू नका बाई. शरबताला फोडून देतो. मयताला अख्खी लादी द्याया लागते, आणि ती घेऊन मी सोता येतो. म्हणून इचारून घेतो.”

ते खरंच स्वतः यायचे. गावात कुणी गेलं आणि मुलगा नाहीतर लेक लांबून यायची असली, की घरच्यांनी आधी यासिनचाचांकडे माणूस पाठवायचा, मग भटजींकडे किंवा भन्तेजींकडे. माझे सासरे गेले तेव्हा थोरले दीर भुसावळहून निघाले होते. चाचा टेंपोतून दोन लाद्या घेऊन आमच्या बौद्धवाड्यात आले. भुसा पसरला, गोणपाट टाकलं, खाटेच्या एका बाजूच्या पायांखाली विटा सरकवल्या आणि मला म्हणाले, “पाणी बायका बसतात त्या बाजूला नाय आलं पायजे. कुणाच्या लुगड्याला लागलं तर जन्मभर मनात ऱ्हातं.” मग दर दोन तासांनी येऊन बर्फ बघून गेले. दीर पोचेपर्यंत डेपो बंद होता.

त्यांची एक सवय मात्र लोकांना आवडायची नाही. बर्फ लावून झाला की ते घरातल्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन विचारायचे, “दुखणं किती वाजता उठलं? आणि दवाखान्याचं दार किती वाजता दिसलं?” हे काय विचारायचं झालं, असं लोक म्हणत. सासऱ्यांच्या वेळी मीही चिडले होते. पण त्यांच्या डोक्यात एक हिशेब कायम चालू असायचा, आणि तो त्यांनी मला पुढे एकदा सांगितला. “भुशात गुंडाळलेली लादी इथून पनवेलला नेली तर पाऊण उरते, बाई. माणूस उरत नाय.”

पुढे गाव वाढलं. भाताच्या खाचरांवर सात-सात मजले उभे राहिले. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं, समोर डोंगर’ अशा पाट्या लागल्या. शनिवार-रविवार फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरून जाऊ लागला. इमारतीत जिम आली, तरणतलाव आला, कुत्र्यांचे केस कापायचं दुकानही आलं. नाही आला तो दवाखाना. सर्दी-पडशाला दोन डॉक्टर होते. त्यापुढचं काही असलं की ते पनवेलच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून द्यायचे आणि नातेवाइकांनी गाडी शोधायची.

अशा एका रविवारी नव्या इमारतीतल्या देशमुख नावाच्या गृहस्थांच्या छातीत कळ आली. जिथे पाऊण तास लागतो तिथे त्यांची गाडी अडीच तास चौक गावाच्या अलीकडे उभी होती, पुढे-मागे सगळे सहलीवाले. ते तिथेच गेले. त्यांचा मुलगा बर्फ सांगायला डेपोवर आला, तेव्हा चाचांनी सवयीने वेळ विचारली. पोराने ती सांगितली आणि तिथेच भुशाच्या ढिगावर बसून हुंदके देऊ लागला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चाचा शाळेत आले. अंगात धुतलेला शर्ट होता. “बाई, एक अर्ज लिवून द्या. हास्पिटल पायजे. नुसता दवाखाना नको, खाटा असलेलं पायजे.”

अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला गर्वही आहे. चाचा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी तो बोट फिरवत तीनदा वाचला आणि सह्या गोळा करायला निघाले. ही सह्यांची मोहीम बघण्यासारखी होती, कारण ते कुणालाही न वाचता सही करू देत नसत. आपल्याकडे कागद पुढे आला की माणूस ‘कुठे करायची’ एवढंच विचारतो. चाचा पेन मागे घ्यायचे. “आधी वाचा. मोठ्यानं वाचा. उद्या कुणी इचारलं तर सांगता आलं पायजे, आपण काय मागितलं.” ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते स्वतः वाचून दाखवायचे. ठाकूरवाडीत एका म्हातारीला त्यांनी अख्खा अर्ज दोनदा ऐकवला. शेवटी ती म्हणाली, “आता तरी अंगठा लावू दे रं बाबा, भात करपला माजा.”

पाठिंबा मात्र तोंड भरून मिळाला. आमच्या बौद्धवाड्याने दिला, मोहल्ल्याने दिला, बाजाराने दिला आणि नव्या सोसायट्यांनी तर सगळ्यात जोरात दिला. लोक सही करतानाचे फोटो काढून मोबाइलवर टाकत होते. शाळेच्या मैदानावर सभा झाली, तिला माणसं मावली नाहीत. पुढारी आले, त्यांनी चाचांना शाल घातली. चाचांनी ती घडी करून मांडीवर ठेवली आणि भाषण करा म्हटल्यावर उभे राहून एवढंच बोलले, “शाल थंडीत वापरीन. हास्पिटल कवा?”

आणि नवल म्हणजे, ते मंजूर झालं. तळ्यापलीकडची गुरचरण त्यासाठी मिळाली. तोवर आम्हीही बौद्धवाडा सोडून त्या जागेसमोरच्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर. आपल्या खिडकीतून हॉस्पिटल दिसणार, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोकळी जागा दाखवत होते.

मग नकाशा आला. तीस खाटा, बाळंतपणाची खोली, रक्त तपासायची खोली, आणि मागच्या बाजूला, म्हणजे बरोबर आमच्या सोसायटीच्या तोंडावर, शवागार. ते चाचांनी मागून मागून घातलेलं होतं. ते त्याला थंड खोली म्हणत. “दरवर्षी धबधब्यावर पोरं बुडतात, रेल्वेखाली माणसं येतात. मासळी ठेवतात त्या बर्फात माणूस किती दिवस ठेवायचा?” असं त्यांनी कचेरीतल्या साहेबांना विचारलं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी आग लागली. हॉस्पिटल हवं, पण प्रेतं नकोत. हॉस्पिटल हवं, पण इथे कशाला. मुलं खेळतात तिथे. सकाळी उठून खिडकी उघडायची आणि काय बघायचं. फ्लॅट विकायला काढला तर कोण घेणार, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि ते सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं.

साहेब मंडळींनी वाट काढली होती. कागदावरून ती खोली आत्ता गाळा, इमारत उभी राहू दे, नंतर गुपचूप बघू. चाचांना मीच हा निरोप दिला. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. त्यांनी बर्फ फोडायचा टोचा खाली ठेवला. “लोकांनी वाचून सही केलीय, बाई. आता लपवून बांधायचं? आन् लोक वाईट नायत. त्यांना ठाव नाय म्हणून घाबरतात. मी येऊन सांगतो.”

माणसांविषयी असं मत असलेला माणूस सोसायटीच्या हॉलमध्ये आला, तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. त्यांना वाटलं होतं, सगळं खरं सांगितलं की पटेल. म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. उन्हाळ्यात लादी किती लवकर वितळते, पाण्याला वास कसा लागतो, तिसऱ्या दिवशी आलेल्या मुलाला बापाचं तोंड का दाखवता येत नाही. बायकांनी पदर नाकाला लावले. एक जण उठून बाहेर गेला. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, बस करा चाचा, पुरे. ते बोलतच राहिले, शांतपणे, वर्गात शिकवावं तसे.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “तुमचा बर्फाचा धंदा आहे, म्हणून तुम्हाला ह्यात रस.”

“धंदा हाय म्हणूनच सांगतो. ती खोली झाली की मयताचा बर्फ बंद. माझंच गिऱ्हाईक जाईल.”

कुणीतरी मागून बोललं, “मग मोहल्ल्याच्या शेजारी बांधा म्हणावं.”

हॉलमध्ये हशा पिकला. चाचांना त्यातली खोच कळली नसेल असं नाही. ते म्हणाले, “बांधा की. आमच्याकडं जागा असती तर कवाच दिली असती. झाडू मीच मारला असता.” मग ते हॉलमधून निघाले. दारात कुणीतरी त्यांना चहा घेऊन जा म्हणालं, तोही घेतला त्यांनी.

हरकतीचा अर्ज आठवड्याभरात फिरला. माझ्या दारात सेक्रेटरींची बायको घेऊन आली. “बाई, लिहायला तुम्हालाच सांगणार होतो, पण म्हटलं नको, तुमची ओळख आहे. सही तेवढी करा.” आमचे हे आतून म्हणाले, “सगळ्यांनी केलीय ना? मग आपण एकट्याने का वाईटपणा घ्यायचा?” मला न वाचता सही केली असं म्हणायची सोय होती. पण मी कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला. ‘रहिवाशांच्या भावना लक्षात घेऊन सदर जागी रुग्णालय उभारू नये’ असं स्वच्छ लिहिलं होतं. शवागार उभारू नये असंही नव्हतं, रुग्णालयच नको होतं. मी वाचलं आणि खाली सही केली. बौद्धवाड्यातून निघून जेमतेम दोन वर्षं झाली होती, सोसायटीत आत्ता कुठे लोक मला हळदीकुंकवाला बोलावू लागले होते. कारण विचाराल तर एवढंच, आणि ते सांगताना आजही मला माझी किळस येते.

पुढे महिन्याभराने चाचा घरी आले. कचेरीतून त्यांनी त्या हरकतीची प्रत मिळवली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बारीक अक्षर दिसत नव्हतं. “बाई, ह्यातली नावं वाचून दाखवा. एकेकाच्या घरी जातो. समोर बसून सांगितलं की ऐकतात.” त्यांनी खिशातून वही काढली, नावं लिहायला.

मी वाचू लागले. त्या कागदावरचा एकेक माणूस पहिल्या अर्जावरही होता. चाचा मोठ्या अक्षरात, अंदाजाने लिहीत होते. माझं नाव आलं तेव्हा मी ते गाळलं आणि पुढचं वाचलं. आवाज बदलला असणार. त्यांचं पेन थांबलं. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या धुरकट डोळ्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे.

“वाचून केली ना सही?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग मी काय सांगणार?” असं म्हणून त्यांनी वही मिटली. नावं अर्धीच लिहून झाली होती. पाणी प्यायले, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि जिना उतरून गेले. ते कुणाच्याही घरी गेले नाहीत. त्या एका दुपारी मी त्यांचं सगळं काम संपवलं.

हॉस्पिटल दुसरीकडे गेलं म्हणतात. कुठे गेलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. गुरचरणीवर आता चालायचा ट्रॅक आहे, कडेला रंगीत बाकं आहेत. संध्याकाळी मीही तिथे चार फेऱ्या मारते. चाचा वाटेत भेटले की आधीसारखंच “सलाम बाई, बरं हाय ना?” विचारायचे. त्यांनी रागावून तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते सुख त्यांनी मला दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. रविवारी सकाळी धाप लागली, पुतण्याने बर्फाच्याच टेंपोत घालून पनवेलचा रस्ता धरला आणि चौकच्या अलीकडूनच तो परत आला. मला कळलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. संध्याकाळी भेटायला जाऊ, लांबचे नातेवाईक येईपर्यंत मयत घरातच असेल, असं धरून मी तयारी करत होते. शेजारची मुलगी म्हणाली, “आजी, त्यांच्यात थांबवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर लगेच नेणार आहेत.” मी रिक्षा करून धावले. कब्रस्तानच्या भिंतीपाशी पोचले तेव्हा माती लोटून झाली होती आणि लोक हात झटकत बाहेर पडत होते.

त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. इतक्या वर्षांत जे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही, ते तिथे आलं. मोहल्ल्यात मयत कुणासाठी थांबवत नाहीत, असेल त्या वेळेला उचलतात. त्या माणसाच्या घरात थंड खोली कुणालाही लागणार नव्हती. ज्यांची मुलं लांब गेली आहेत, ज्यांना कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागतं, त्यांच्यासाठी तो भांडत होता.

माझा मुलगा कॅनडात असतो. निघायचं म्हटलं तरी त्याला दोन दिवस लागतात.