आक्काचा जाड दाणा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "मामा, आई गेली. झोपेतच..." एवढेच तो बोलू शकला. डोळे भरून आले, आणि त्यामागोमाग मनात आले ते वेगळेच: आता देवीच्या पालखीला सलामी कोण देणार?

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, सासरी, नाशिकजवळच्या एका खेड्यात, ठासणीच्या बंदुकीचा बार झाल्याशिवाय यात्रेची पालखी उचलत नाहीत. बारात छर्रा नसतो, नुसती दारू असते. पोलीस ठाण्याची परवानगीही आधी घेतलेली असते. हा मान आक्काच्या घराचा. भावजींच्या पश्चात बंदुकीचा परवाना तिने स्वतःच्या नावावर करून घेतला आणि मानही सोडला नाही. अट एकच होती. बार फुसका गेला तर मान तिचे चुलत दीर सोपानराव यांच्याकडे जायचा. ते दर वर्षी स्वतःची बंदूक घेऊन पारावर बसत आणि म्हणत, "वहिनी, दमला असाल तर सांगा. मी हाय ना."

एका वर्षी नाशिकच्या दुकानदाराने तिला काळ्या दारूऐवजी नवी भुकटी सुचवली. त्या भुकटीने धूर कमी होतो, नळी कमी माखते, असे त्याचे म्हणणे. मी विज्ञानाचा शिक्षक. मला राहवले नाही. बारीक दाण्याची दारू झपाट्याने जळते, म्हणून दाब वाढतो; जाड दाणा त्या मानाने सावकाश जळतो आणि रुंद नळीला मानवतो; नवी भुकटी पेटायला अधिक उष्णता लागते... फळ्यासमोर उभा असल्यासारखा मी सांगत होतो. आक्का म्हणाली, "म्हंजे उपम्याचा रवा न् लापशीचा रवा. एवढ्याला इतका वेळ, मास्तर?"

बारीक दाणा तिने जुन्या नळीच्या जवळही येऊ दिला नाही. उरलेल्या दोहोंची परीक्षा आम्ही मोकळ्या शेतात घेतली. नवी भुकटी घातली तेव्हा आधी चापाखालची, ठिणगी पाडणारी टोपीच नुसती वाजली. आक्का बंदूक बांधाकडे रोखून, हाताने मला मागे थोपवून, तशीच उभी राहिली. क्षणभराने बार झाला. "ही इचार करून पेटते," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी मात्र त्याच भुकटीचा बार तत्काळ आणि जाड दाण्याहून खणखणीत झाला. मी निकाल जाहीर केला: नवीच उत्तम.

"आन् धूर कुठंय?"

धूर कमी असणे हाच तर तिचा गुण, असे मी समजावले. त्यावर आक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली की बांधावरच बसली. "आरं, म्होरला भोई केरूआबा ठार बहिरा हाय. धूर दिसला की तो खांदा लावतो. त्याला काय तुझं शास्त्र ऐकू येतंय?"

माझ्या परीक्षणात हा रकानाच नव्हता! त्या वर्षी जाड दाण्याचा असा काही धूर झाला की पालखी उचलली गेली आणि पारावरचे सोपानराव खोकून बेजार झाले. "दमलात का, भावजी?" आक्काने विचारले.

परवाना आक्काच्याच नावावर होता, म्हणून यंदा तिची बंदूक ठाण्यात जमा झाली आणि मान सोपानरावांकडे गेला. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, ते मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना. मला बाजूला घेऊन त्यांनी तळहातावरची दारू दाखवली. "मास्तर, वहिनींची हीच ना?" मी दाणा पाहून होकारार्थी मान हलवली. बार झाला, पांढरा लोट देवळाच्या कळसापर्यंत चढला आणि केरूआबाने खांदा लावला.

काळ्या दारूची काजळी नळीत राहिली तर लोखंड खाते. म्हणून यात्रेच्या दिवशी आक्का कढत पाण्याने नळी धुतल्याखेरीज पानावर बसत नसे. पालखी पुढे गेल्यावर मी तिच्या घरी आलो, तर सोपानराव परसदारी बंदूक घेऊन उभे. "सूनबाई, जरा पाणी..." असे ते आक्काच्या सुनेला संकोचून म्हणू लागले, पण वाक्य पुरे करावे लागले नाही. चुलीवरचे पातेले केव्हाचे उकळत होते.