निलगिरीच्या खुंटांमधला वाफा

सर्दी झाली म्हणून रुमालावर निलगिरीचं तेल टाकलं आणि दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं आमचं जुनं सरकारी क्वार्टर आठवलं. वादळात कललेली निलगिरीची दोन झाडं दिवाळीनंतर कापून नेली आणि खिडकीखाली नुसते खुंट, मुळं आणि विटांचा मलबा उरला. शेजारच्या भाईसाहेबांना तिथे गाडी लावायची होती. "भाभीजी, यहाँ घास भी नहीं उगेगी," ते म्हणाले. मी म्हटलं, "होली तक देखिए. एक भी फूल नहीं आया तो जगह आपकी." नवरा म्हणाला, "अगं, मला विचारायचंस तरी!" तोवर मी पहार शोधायला लागले होते. मुळं काही निघेनात. दोन रविवार कंबर मोडून घेतल्यावर मी खणणं सोडलं, मलब्यातल्याच विटा भोवती रचल्या आणि वर वीतभर माती आणि शेणखत घालून झेंडूची रोपं लावली. थंडीभर ती पिवळी पडून होती. होळीच्या आठवडाभर आधी मात्र एकदम फुलली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर भाईसाहेब पूजेची थाळी घेऊन वाफ्यात वाकलेले. "बस चार ही तोड़े हैं, भाभीजी." मी घरातून कात्री आणून दिली. "खींचिए मत, जड़ें अभी कच्ची हैं." त्यांची गाडी शेवटपर्यंत रस्त्यावरच राहिली. आता नोएडाला आमच्या सोसायटीत माळी आहे, चांगली काळी माती आहे. तरी कोणी फुलं तोडताना दिसलं की मी ओरडत नाही, कात्री आणते.