शेवंतामावशीची सही

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. चोरून ओढलेल्या विड्या, बारावीला दोनदा उडालेलं इंग्रजी, धाकट्या भावाशी सात वर्षं धरलेला अबोला. हे मात्र ठाऊक नाही. तिलाच काय, कोणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. बघा, सुरुवातच कशी भित्री.

सरळ सांगून मोकळं व्हावं, तर जीभ वळत नाही. आधी गावाचं सांगतो. नाही — आधी नळाचं.

आमचं गाव शहापूरपासून एसटीने तासाभरावर. मागच्या डोंगरापलीकडे भातसाचं धरण. गावात नळाची लाइन आली ती देवळापर्यंत, आणि तिथेच थांबली. देवळापुढे हाकेच्या अंतरावर बौद्धवाडी. तिथल्या बायका होळीनंतर ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरायच्या. पाइप का संपले, असं कोणी विचारलं की आमची माणसं म्हणायची, मंजुरीच तेवढी होती. मीही तेच म्हणायचो. मला खरंच तसं वाटत होतं का? तेव्हा मी विचारच केला नव्हता, हे जास्त खरं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तेविशीचा, नोकरी नाही, अक्षर बरं. साक्षरतेचे वर्ग सुरू झाले तेव्हा वाडीतल्या समाजमंदिरात मला शिकवायला लावलं. सात-आठ बाया यायच्या. त्यांत शेवंतामावशी — चाळिशीची, नवरा गेलेला, तोंडाने फटकळ. दुसऱ्यांच्या शेतावर भात लावायची आणि दुसऱ्याच्याच बांधावर उभी राहून त्याची चूक त्याला सांगायची. मी तिच्या मुलाच्या वयाचा, तरी मला मास्तर म्हणायची. अर्धी चेष्टा, अर्धं खरं.

ती सही शिकली ते मला अजून दिसतं. ‘शेवंता’ लिहायची आणि वरचं टिंब सगळ्यात शेवटी द्यायची, पाटीवर पेन्सिल दाबून. वाचन मात्र रखडलं होतं. एकेक अक्षर लावून वाचायची, जोडाक्षर आलं की अडायची. हे कोणाला नेमकं माहीत होतं? मला. शिकवणाराच मी.

आता निवडणुकीचं. आमच्या ग्रामपंचायतीत मतदान कधी झालंच नव्हतं. अर्ज भरायच्या आधी देवळात सभा बसायची, चार जाणती माणसं नावं ठरवायची, बाकीचे माना डोलवायचे. बिनविरोध! त्याचा केवढा अभिमान आम्हाला. शेजारच्या गावात डोकी फुटतात, आमच्याकडे बघा कसा एकोपा. सभेला बाया नसायच्या. वाडीतले पुरुष असायचे, पण पायरीखाली. तरी तो एकोपाच.

मग बायांच्या जागा आल्या. आमच्या वॉर्डात एक जागा बाईची, कुठल्याही बाईला उभं राहता येईल अशी. सभेने माझ्या चुलतीचं नाव काढलं. ती तेव्हा घरी तांदूळ निवडत होती. काकांनी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, बरं, सूप तरी खाली ठेवू का?

दुसऱ्या दिवशी शेवंतामावशी माझ्याकडे आली. तिला उभं राहायचं होतं. नळासाठीच, दुसरं काही नाही. वाडीची मतं आणि वरच्या ठाकरांच्या पाड्याची मतं धरली तर ती निवडून येत होती. मीच बोटांवर मोजून दाखवलं तिला. अर्ज मी भरला, मन लावून भरला, छाननीत टिकला. त्या दिवशी मी खूश होतो — हे खोटं नाही. चिन्ह कुठलं मागायचं विचारलं, तर म्हणाली, “कपबशी मागा मास्तर. तुमच्या आळीत आमची कपबशी वळचणीला खोचून ठेवतात. आता शिक्का मारताना बगतील तरी तिच्याकडं.” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मीही हसलो. आमच्या वळचणीलाही एक कप होता.

आता येतोच मुद्द्यावर. तुम्हाला वाटेल, मला कोणी धमकी दिली असेल. नाही हो. काकांनी बोलावलं. देवळाच्या ओट्यावर ते आणि आणखी तिघं बसले होते. मी खाली उभा. काका रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “तुजं ऐकते ना ती? मग तूच काढ तिला. गावात पहिल्यांदा मतदान झालं तं आपल्या घरामुळं झालं म्हणतील.” एवढं बोलून ते जरा सरकले, ओट्यावर जागा केली. “बस.”

आणि मी बसलो. त्या ओट्यावर मला तोवर कोणी बस म्हटलं नव्हतं. बेकार पोराला कोण म्हणतं? एवढ्याशा जागेसाठी, दीड हात दगडासाठी — पण ते पुढचं आधीच सांगून कसं चालेल.

माघार घ्या म्हणून सांगायला मी तिच्याकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने चहा केला, दोन्ही वेळा चिन्हाचं बोलली. दोन्ही वेळा चहा पिऊन मी परत आलो. तोंडावर सांगितलं असतं तर तिने मला शिव्या घातल्या असत्या, उभी राहिली असती, जिंकली असती. तेवढी हिंमतसुद्धा मला झाली नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असं काहीतरी मी शोधत होतो. तहसील कचेरीत ते मला आयतं मिळालं.

माघारीची वेळ तीनपर्यंत, त्यानंतर चिन्हांचं वाटप. एकाच दिवशी, एकाच टेबलावर. मी माघारीचा कागद लिहून आणला, माझ्याच सुंदर अक्षरात. व्हरांड्यात ती बाकावर बसली होती, लग्नाला नेसतात तसं लुगडं नेसून. म्हटलं, मावशी, चिन्हासाठी इथे सही करा. तिने कागद गुडघ्यावर घेतला. वाचायला लागली — खरंच वाचायला लागली, बोट ठेवून. पहिलं अक्षर लागलं. दुसरं लागलं. आणि मी म्हणालो, वेळ नाही मावशी, साहेब उठतील.

तिने वाचणं सोडलं आणि सही केली. टिंब शेवटी, दाबून.

कागद घेऊन मी आत गेलो. ती माझ्या मागून आली. अधिकाऱ्याने कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, विचारलं, “बाई, सही तुमचीच ना?” त्याला शंका आली असेल का? त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता तर? त्याने नाही विचारला. मी शेजारीच होतो, मी बोलू शकत होतो. शेवंतामावशी ताठ उभी राहून म्हणाली, “माजीच. मीच केली.” एवढ्या माणसांत तिने आपली सही पहिल्यांदाच दाखवली होती. अशी अभिमानाने हसली ती माझ्याकडे बघून, जसं काही मार्क मिळाले.

तीननंतर नावं वाचली. चुलती बिनविरोध. बाहेर गुलाल उधळला गेला, मलाही लागला. शेवंतामावशी माझ्याजवळ आली आणि तिने कपबशीचं विचारलं.

इथे थांबावंसं वाटतं. कारण इथपर्यंत मी भित्रा होतो; पुढे जे केलं त्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. मी म्हणालो — तिच्या डोळ्यांकडे न बघता — की मावशी, दोन कागद होते. तुमची सही माघारीच्या कागदावर झाली. वाचून सही करा, असं किती वेळा शिकवलं तुम्हाला?

तिने ते खरं मानलं. भांडली नाही. शेवंतामावशी, आणि भांडली नाही! एसटीत सबंध वाट उजव्या हाताचा अंगठा चोळत बसली होती. मग म्हणाली, “मीच नीट नाय वाचलं. तुमी तरी काय करणार.”

गावभर झालं. शिकायला गेली आणि स्वतःच्या हाताने पडली, म्हणून बाया हसल्या, पुरुष जास्त हसले. वर्ग महिनाभरात बंद पडला. सही शिकून शेवंताचं काय झालं, असं प्रत्येक घरात बोललं जाई. पुढे एकदा रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट घेऊन मुकादम आला, तेव्हा मी तिथे होतो. शेवंतामावशीने अंगठा पुढे केला. मुकादमाला काय माहीत? त्याने शाईची डबी सरकवली.

नळ? पुढची कितीतरी वर्षं देवळाशीच. आमच्या चुलतीने पाच वर्षांत काकांनी दाखवलेल्या जागी सह्या केल्या. मी ओट्यावर बसत राहिलो. नंतर कल्याणला नोकरी लागली, तरी रविवारी जाऊन बसायचो. सुरुवातीला झोप उडाली होती म्हणेन, तर ते खोटं. झोप लागायची. आत्ता, या वयात लागत नाही.

दहा-बारा वर्षांनी पुन्हा बाईची जागा आली. एका रविवारी सकाळी शेवंतामावशी सुनेला घेऊन माझ्या गावच्या घराच्या दारात. केस पांढरे, पाठ वाकलेली. सून दहावी झालेली, तिला उभं करायचं होतं. अर्ज तिचा तिला भरता आला असता. सून तसं म्हणतही होती, पण सासू ऐकेना. मास्तरच भरतील, त्यांच्या हातचा अर्ज टिकतो.

मी अर्ज भरला, एकेक रकाना मोठ्याने वाचून. सुनेने माझ्या हातातून तो घेतला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग सही केली. वाटलं, आता सांगावं. दोघी समोर आहेत, घरात कोणी नाही. शब्द ओठांवर आले होते, हे शपथेवर सांगतो — पण त्याचा काय उपयोग?

तेवढ्यात मावशीच बोलली. हात जोडून, मान खाली घालून. “मास्तर, मागं मी तुमचं नाव घालवलं. एवढं शिकवलं तुमी, आनि मी भलत्याच कागदावर सही केली. लोक तुमालाच हसले असतील. मनात ठिवू नका.”

शेवंतामावशी माझी माफी मागत होती. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, “जाऊ द्या मावशी. माझ्या मनात काही नाही.”